मनाची बांधबंदिस्ती

शेतीच्या भांडवलाचा विचार करताना आपण जमीन, पाणी, बी-बियाणे, खते, अवजारे व गुरेढोरे ह्यांची मोजदाद करतो. परंतु ज्याच्या बळावर ही सारी सामग्री उपयोगात आणली जाते, त्या शेतकऱ्याच्या मनाची नोंद कोणत्याही तक्त्यात आढळत नाही. पाऊस लांबला असता दुबार पेरणी करावी की थांबावे, भाव कोसळला असता माल विकावा की ठेवावा, कर्ज घ्यावे की खर्च आवरावा, हे निर्णय मन स्थिर असेल तरच नीट घेता येतात. मन खचले म्हणजे औषधफवारणीची वेळ चुकते, गुरांकडे दुर्लक्ष होते, घरात धुसफूस वाढते आणि उत्तम जमीनही पुरेसे उत्पन्न देत नाही. सबब मनोबल हा विषय कृषिविस्ताराच्या कक्षेबाहेरचा आहे, असे मानणे योग्य होणार नाही.

मनाचा खंबीरपणा उपजत असतो, तो कोणाला लाभतो व कोणाला लाभत नाही, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. ह्या समजुतीमुळे दुहेरी नुकसान होते. जो खचला त्याला लोक दुबळा म्हणतात आणि तोही लाजेपोटी आपले दुःख लपवितो. वास्तविक मनोबल हे खाचराच्या बांधासारखे आहे. बांध कोणी जन्मतः घेऊन येत नाही. तो उघडिपीच्या दिवसांत, दगडावर दगड रचून, चार जणांच्या साह्याने घालावा लागतो, त्याला जादा पाण्यासाठी सांडवा ठेवावा लागतो आणि दर वर्षी त्याची डागडुजी करावी लागते. ह्या म्हणण्याचा पुरावा आपल्या आंबेगाव तालुक्यातच, डिंभे धरणाच्या खोऱ्यात, पाहावयास मिळतो.

डिंभे खोऱ्याचा अनुभव

कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी डिंभे हे घोड नदीवरील धरण होय. येडगाव, माणिकडोह, वडज व पिंपळगाव जोगे ही इतर चार. डिंभे धरणाच्या पाण्यावर पूर्वेकडील कोरडवाहू भागातील पुष्कळ जमीन ओलिताखाली आली. परंतु ह्या पाण्याची किंमत पश्चिमेकडील डोंगरी गावांनी मोजली. ज्या आंबेगाव गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने गाव जलाशयाखाली गेले. काही गावे पूर्णतः व काही अंशतः बुडाली. महादेव कोळी समाजातील अनेक कुटुंबांची नदीकाठची भातखाचरे पाण्यात गेली आणि त्यांना वरच्या उतारावर, हलक्या जमिनीत, नव्याने संसार मांडावा लागला.

जमीन जाणे म्हणजे केवळ उत्पन्नाचे साधन जाणे नव्हे. देवस्थान, स्मशान, पाणवठा, शेजार, वडिलांनी लावलेले झाड, ह्या साऱ्यांचा वियोग त्यात असतो. असा आघात झाला असता मनुष्याने हताश व्हावे, हे स्वाभाविक आहे. तरीही ह्या खोऱ्यातील लोक हताश होऊन बसले नाहीत. हिवाळ्यापासून जलाशयाचे पाणी जसजसे उतरू लागते, तसतशी काठची गाळाची जमीन उघडी पडते. ह्या गाळपेर जमिनीत पीक घेण्याचा मार्ग लोकांनी धरला. ज्या पाण्याने शेते गिळली, त्याच पाण्यात मासेमारी करण्यास ते शिकले. आरंभी होड्या नव्हत्या, तेव्हा फुगविलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकली गेली. पुढे आदिवासी मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली. ह्या कामी लोकांबरोबर राहून श्री. आनंद कपूर व श्रीमती कुसुम कर्णिक ह्यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने जे कार्य केले, त्यास २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक लाभले.

ह्या अनुभवातून एक गोष्ट ध्यानात येते. नदीचे पाणी परत नेणे लोकांच्या हाती नव्हते. परंतु उतरलेल्या पाण्याखालच्या जमिनीत काय पेरावे, हे त्यांच्या हाती होते. जे हाती होते तेथून त्यांनी आरंभ केला, आणि तो एकेकट्याने केला नाही.

माळीणची आपत्ती

ह्याच खोऱ्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी, अतिवृष्टीत डोंगराचा कडा कोसळला. दीडशेच्या वर माणसे दगावली. सकाळच्या एस. टी. बसच्या चालकास गाव जागेवर दिसेना, तेव्हा ही वार्ता बाहेर पोचली. वाचलेल्यांपैकी अनेकांचे संपूर्ण कुटुंब गेले होते. कामानिमित्त परगावी असल्यामुळे काही जण बचावले, आणि आपण का वाचलो, हा प्रश्न त्यांना जन्माचा लागला. तात्पुरत्या निवाऱ्यात दिवस काढल्यानंतर २०१७ साली आमडे येथील नव्या वस्तीत त्यांना घरे मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये पहिल्या जोराच्या पावसात नव्या वस्तीत काही ठिकाणी भराव खचला, तेव्हा लोकांची जुनी भीती पुन्हा जागी झाली.

अशा आपत्तीनंतर झोप न लागणे, पावसाच्या आवाजाने दचकणे, अकारण रडू येणे अथवा रडूच न येणे, राग अनावर होणे, हे सारे प्रकार दिसून येतात. ही वेडाची लक्षणे नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संकटात सापडलेल्या जवळजवळ प्रत्येक मनुष्यास मानसिक त्रास होतो, आणि बहुतेकांचा तो काळ जाईल तसा उणावतो. मात्र त्यासाठी निवारा, अन्न, आप्तांची सोबत व पुढील दिवसांची काही शाश्वती ह्यांची जरुरी असते. थोड्या लोकांचा त्रास टिकून राहतो. त्यांस डॉक्टरांचे साह्य लागते, आणि ते घेण्यात कोणताही कमीपणा नाही.

डिंभे जलाशयास हुतात्मा बाबू गेनू ह्यांचे नाव देण्यात आले आहे. ह्याच तालुक्यातील म्हाळुंगे पडवळ येथे जन्मलेल्या ह्या वीराने १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे आडवे होऊन प्राण अर्पिले. ते धैर्य वंदनीय आहे. तथापि संसारी शेतकऱ्यास लागणारे धैर्य निराळ्या जातीचे आहे. ते प्राण देण्याचे नसून रोज सकाळी उठून पुन्हा कामास लागण्याचे आहे. त्याचे स्मारक होत नाही, परंतु गावाचा गाडा त्यावरच चालतो.

पडकईपासून घ्यावयाचा धडा

आंबेगाव व जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम भागात डोंगरउतारावर भातखाचरे तयार करण्याची ‘पडकई’ नावाची जुनी पद्धत आहे. काही कुटुंबे एकत्र येऊन आळीपाळीने प्रत्येकाच्या जमिनीवर काम करतात. वरचा भाग खणून खाली भर घालतात, दगडांचा बांध रचतात व उतारावर लहान लहान सपाट तुकडे तयार करतात. पुढे शासकीय योजनांतही ह्या कामास स्थान मिळाले. मनोबलाच्या दृष्टीने पडकईकडे पाहिले असता तिच्यातून चार बोध निघतात.

पहिला बोध असा की, बांध पावसाळ्यापूर्वी घालावयाचा असतो. पूर आल्यावर दगड शोधून उपयोग नाही. शेजाऱ्याशी जिव्हाळा, घरात मोकळेपणाने बोलण्याची सवय, थोडी शिल्लक, ह्या गोष्टी सुखाच्या दिवसांतच जोडून ठेवाव्या लागतात.

दुसरा बोध असा की, संपूर्ण डोंगर एका वर्षात सपाट होत नाही. एका हंगामात एखादा तुकडा तयार झाला तरी ते यश मानावे. मोठ्या संकटाचेही असे तुकडे पाडावे लागतात.

तिसरा बोध असा की, पडकई एकट्याने होत नाही. ज्याच्या जमिनीवर आज काम चालू आहे, त्याला लाज वाटत नाही, कारण उद्या तोच दुसऱ्याच्या जमिनीवर राबणार असतो. मनाच्या अडचणीतही सावड असावी. आज मी तुझे ऐकतो, उद्या तू माझे ऐक.

चौथा बोध सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्या बांधास सांडवा नाही, तो कितीही मजबूत असला तरी पाणी तुंबून फुटतो. दुःख गिळून बसणे, कोणाजवळ अवाक्षर न काढणे, ह्यास आपण खंबीरपणा समजतो. वस्तुतः तो सांडवा नसलेला बांध आहे.

दैनंदिन जीवनात करावयाच्या गोष्टी

पश्चिमेकडील भातउत्पादकापुढे हलकी जमीन, अतिवृष्टी व हिरड्याच्या उत्पन्नाची अनिश्चितता हे प्रश्न आहेत. पूर्वेकडील बागाईतदारापुढे टोमॅटो, कांदा व बटाट्याच्या भावाची चढउतार, रात्री येणारी वीज आणि उसाच्या फडात वावरणारा बिबट्या ह्यांची काळजी आहे. प्रश्न निराळे असले तरी मन सांभाळण्याचे उपाय सारखेच आहेत.

१. हाती असलेले व हाती नसलेले वेगळे करावे. कागदावर दोन रकाने आखावेत. पाऊस, बाजारभाव, गेलेला हंगाम हे एका रकान्यात. रोपवाटिकेची तयारी, बियाण्याची उगवणक्षमता तपासणे, पीकविम्याचे कागद, पंचनाम्याचा अर्ज हे दुसऱ्यात. रोजची शक्ती दुसऱ्या रकान्यावर खर्च करावी.

२. कर्जाचा हिशोब लिहून काढावा. मनात फिरणारा आकडा रात्रीच्या वेळी दुप्पट वाटतो. कोणाचे किती, व्याज काय, मुदत केव्हा, कोणते आधी फेडावयाचे, हे पती-पत्नीने मिळून लिहावे. घरधन्याने एकट्याने कर्ज लपविणे हे पुष्कळ अनर्थांचे मूळ असते. आकडा मोठा असला तरी तो दोघांना ठाऊक झाला म्हणजे त्याचे भय निम्मे होते.

३. दिवसाचा क्रम मोडू देऊ नये. मन उदास असता काही करावेसे वाटत नाही, आणि काही न केल्याने उदासी वाढते. हे चक्र तोडण्यासाठी रोज एक लहान काम ठरवून ते पार पाडावे. गोठा झाडणे, बांधावरून फेरी मारणे, एक वाफा खुरपणे, एवढेही पुरे. उत्साह आल्यावर काम करीन, असे म्हणू नये. काम केल्याने उत्साह येतो.

४. झोप व आहार सांभाळावा आणि दारूपासून दूर राहावे. दारूने झोप लागते असे वाटते, परंतु ती झोप तुटक असते व दुसऱ्या दिवशी खिन्नता अधिक जाणवते. रात्रीच्या पाणीपाळीस जाताना शक्य तो सोबत घ्यावी. त्याने बिबट्याचे भय कमी होते आणि चार शब्द बोलणेही होते.

५. मन मोकळे करण्यासाठी निदान एक माणूस जोडून ठेवावा. तो भाऊ असो, मेहुणा असो, शाळासोबती असो. स्त्रियांच्या बाबतीत ह्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. शेत, चूल, पाणी, मुले व आजारी माणसे ह्यांचा भार वाहणाऱ्या गृहिणीस आपले दुःख सांगण्यासाठी वेळही मिळत नाही. बचतगटाच्या बैठकीत हिशोबानंतर थोडा वेळ सुखदुःखाच्या बोलण्यासाठी राखून ठेवावा.

कार्यकर्त्यांनी काय करावे

मनाच्या त्रासावर केवळ तज्ज्ञच उपाय करू शकतात, असे नाही. नाशिक जिल्ह्यातील पेठ हा आपल्या पश्चिम भागासारखाच डोंगरी व आदिवासी वस्तीचा तालुका आहे. तेथे गावातीलच स्वयंसेवकांना शिक्षण देऊन ‘आत्मीयता’ हा उपक्रम चालविण्यात आला. लक्षपूर्वक ऐकणे, अडचणीची उकल करण्यास मदत करणे व दिनक्रम पुन्हा बसविणे, एवढ्या साध्या गोष्टी हे स्वयंसेवक काही बैठकींत करीत, आणि जेथे आजार अधिक दिसे तेथे रुग्णास आरोग्यसेवेकडे पाठवीत. पुढे हा उपक्रम गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यातही नेण्यात आला. यावरून असे दिसते की, योग्य शिक्षण मिळाल्यास गावातील माणूस गावातील माणसाला आधार देऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत तीन गोष्टी सांगितल्या आहेत : पाहा, ऐका, जोडून द्या. शेतभेटीस जाणाऱ्या कर्मचाऱ्याने, आशा कार्यकर्तीने व अंगणवाडी सेविकेने त्या ध्यानी धराव्यात.

पाहा, म्हणजे पिकाबरोबर माणसाकडेही लक्ष द्या. नेहमी बैठकीस येणारा येईनासा झाला आहे काय? उभे पीक असूनही त्याने शेताकडे जाणे सोडले आहे काय?

ऐका, म्हणजे त्याचे बोलणे पुरते होऊ द्या. ‘एवढ्याने काय होते’, ‘पुरुषासारखा पुरुष असून रडतोस काय’, ‘इतरांचे तुझ्याहून वाईट आहे’, अशी वाक्ये धीर देत नाहीत. ती तोंड बंद करतात. त्यापेक्षा ‘दादा, हे फार जड झाले असेल, केव्हापासून असे वाटते?’ एवढे विचारणे अधिक गुणकारी असते.

जोडून द्या, म्हणजे नुसता सल्ला देऊन परतू नका. पंचनामा राहिला असेल तर संबंधित कर्मचाऱ्याकडे, कर्जाचा प्रश्न असेल तर बँकेकडे अथवा सोसायटीकडे, आजार वाटत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राकडे त्याच्यासोबत जा. शक्य झाल्यास आठ दिवसांनी पुन्हा भेट द्या.

धोक्याची लक्षणे

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक मंदावणे, कशातही रस न वाटणे, आपण सर्वांना भार झालो आहोत असे बोलणे, निरवानिरवीची भाषा करणे, प्रिय वस्तू वाटून टाकणे अथवा एकाएकी व्यसन वाढणे, ही लक्षणे दिसल्यास वेळ दवडू नये. ‘जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय?’ असे त्या व्यक्तीस आपुलकीने स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात येतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने मन मोकळे होण्यास वाट मिळते. अशा व्यक्तीस एकटे सोडू नये व डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलि-मानस’ ह्या शासकीय सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून ती विनामूल्य आहे व मराठीतही बोलता येते. जिवास धोका निर्माण झाल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

कीटकनाशके घरात, हाताशी ठेवू नयेत. ती कुलूपबंद पेटीत, राहत्या जागेपासून दूर ठेवावीत व किल्ली जबाबदार व्यक्तीकडे असावी. गरजेपुरतेच औषध आणावे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर १९९५ नंतर तेथील आत्महत्यांचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणात उतरले, आणि शेतीच्या उत्पादनास त्यामुळे धक्का बसला नाही. अतितीव्र निराशेचा झटका पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो. तेवढ्या वेळात विष हाताशी नसणे, ह्यानेच जीव वाचतो.

ह्या बाबतीत पोलिसांचे भय बाळगून उपचार टाळले जातात, हेही आढळते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे व पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. सबब उपचारास विलंब करू नये.

मनोबल म्हणजे मुकाट सोसणे नव्हे

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. मन खंबीर ठेवा, असे सांगून लोकांच्या रास्त मागण्या बाजूस सारणे हा मनोबलाचा अर्थ नव्हे. डिंभे खोऱ्यातील लोकांनी गाळपेर जमिनीसाठी व मासेमारीच्या हक्कासाठी संघटित होऊन प्रयत्न केले. त्यांचे मनोबल त्या प्रयत्नांतूनही वाढले. ज्याची नुकसानभरपाई अडली आहे, त्याला धीराच्या शब्दांइतकीच भरपाईचीही आवश्यकता असते. कार्यकर्त्याने त्याचा अर्ज मार्गी लावला, तर तेही मनावरचे औषधच होय.

शेवटी एवढेच सुचवावेसे वाटते. खरिपाची कामे सुरू होण्यापूर्वी बियाणे व खते ह्यांचे नियोजन करण्यासाठी गावोगाव बैठकी भरतात. त्याच बैठकीत आणखी एक यादी करावी. गावात एकटे राहणारे वृद्ध कोण, गतवर्षी पीक बुडालेले कोण, घरचा कर्ता गमावलेली कुटुंबे कोणती, हे पाहून त्या प्रत्येक घराशी जाऊन-येऊन राहण्याची जबाबदारी एकेका शेजाऱ्याने घ्यावी. ही यादी फलकावर लावू नये. ती चार जाणत्या माणसांच्या मनात असावी. आवणीच्या दिवसांत ह्या घरांपैकी कोणाचे खाचर मागे राहिले असेल, तर सर्वांनी मिळून अर्धा दिवस तेथे लावणी करावी. त्यास खर्च लागत नाही, मंजुरी लागत नाही, आणि सावडीची रीत आपल्या गावांना नवी नाही.